वस्तीचं नाव वाईट आहे, पण तिथलं रोजचं जगणं खरंच तसं असतं का?

नीलपक्षी

नमस्कार मंडळी,

आम्ही भाड्याचं घर शोधतोय. बरीच घरं पाहून झाल्यावर एक घर आम्हा तिघांनाही पसंत पडलं. भरपूर उजेड, सरळ बोलणारे मालक, माझं ऑफिस आणि लेकीची शाळा दोन्ही जवळ. अडचण एवढीच, की त्या वस्तीचं नाव काढलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. "तिथे? अहो, मुलगी वयात येतेय तुमची." "अंधार पडला की तिकडे कोणी फिरकत नाही." सासूबाईंनी तर फार जुन्या एका खुनाची गोष्ट काढली. असं सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे कधी राहिलेला नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा शाळा सुटून मुलं घरी येत होती. एक आजी नातवाच्या सायकलचं सीट धरून त्याच्यामागे पळत होत्या. भीती वाटावी असं काही दिसलं नाही. पण ती भर दुपार होती, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नाही.

बदनाम म्हटल्या जाणाऱ्या वस्तीत तुमच्यापैकी कोणी राहिलंय का? त्या बोलबाल्यात किती खरं आणि किती ऐकीव, हे ताडून कसं बघायचं? "बिनधास्त घ्या" किंवा "अजिबात नको" एवढंच लिहू नका, का ते सांगा.

रोखठोक

माझं मत अजिबात नको असंच आहे, आणि का तेही सांगतो. माझा धाकटा भाऊ अशाच एका वस्तीत राहायला गेला होता, भाडं कमी म्हणून. आधी गाडीतलं पेट्रोल जायला लागलं. मग गाडीच गेली. शेवटी एका रात्री चाकू दाखवून मोबाइल काढून घेतला. तक्रार द्यायला गेलो तर "तिथे राहताच कशाला?" असं ऐकून घ्यावं लागलं. आगीशिवाय धूर निघत नाही. लोक उगाच एखाद्या जागेला नावं ठेवत नाहीत.

पायवाट

रोखठोक, भावावर जो प्रसंग आला तो वाईटच, आणि तक्रार घेणाऱ्याचं ते उत्तर त्याहून वाईट. पण त्या उत्तरातच बघा, वस्तीचं नाव खराब असलं की चोरीचा दोष चोराकडून राहणाऱ्याकडे सरकतो.

मी अशाच वस्तीत जन्मलो आणि लग्न होईपर्यंत तिथेच वाढलो. तिथे काही वाईट घडतच नाही, असं मी म्हणणार नाही. दोन टोळकी होती, त्यांची आपसात मारामारी व्हायची, एकदोनदा प्रकरण जिवावरही गेलं. पण हे कुठे होतं, कधी होतं आणि कुणाकुणात होतं, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. बंद पडलेल्या कारखान्याची मागची भिंत आणि तिला लागून असलेला बोळ. दिवेलागणीनंतर तिथून जायचं नाही, लांब पडलं तरी पुढच्या रस्त्यानं यायचं, हे आईनं शाळेत घालायच्या आधीच शिकवलेलं. त्या बोळात एकच खांब होता आणि त्यावरचा दिवा माझ्या आठवणीत कधीच पेटलेला नव्हता. पण बाकीच्या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत बायका ओट्यावर बसलेल्या असायच्या आणि आमचा अभ्यास दार उघडं टाकून चालायचा.

बाहेरच्या माणसाला मात्र तो बोळही आमची वस्ती आणि आमची गल्लीही आमची वस्ती. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

आम्हाला खरा त्रास झाला तो त्या नावाचा. गाडीवाला मुख्य रस्त्यावरच उतरवायचा, आत यायला तयार नसायचा. पार्सल घ्यायला चौकापर्यंत चालत जावं लागायचं. माझी बहीण शिकलेली, कामात हुशार, पण मुलाखतीत पत्ता वाचला की पुढचे प्रश्नच बदलायचे. "येण्या-जाण्याचं कसं करणार? घरी सगळं ठीक आहे ना?" नंतर ती अर्जावर मामाचा पत्ता लिहायला लागली आणि तिला नोकरी लागली. त्या नोकरीतही सहकाऱ्यांना घरी बोलवायचं ती कायम टाळत आली. स्वतःच्या घराची लाज वाटायला लावणं ही काही लहान गोष्ट नाही.

सांजवात

पायवाट, मनापासून लिहिलंत. बहिणीचं वाचून गलबललं.

आलेख

पायवाट यांच्या त्या बोळाला संशोधनाचाही भक्कम आधार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुन्ह्यांचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या फोनचा पत्त्यांनुसार हिशेब मांडला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आलेले होते. पुढे डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिएटलमधल्या १९८९ ते २००२ अशा १४ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांनी अख्खी वस्ती हे माप न धरता एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्त्याचा तुकडा हे माप धरलं. दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के तुकड्यांवर शहरातले निम्मे गुन्हे घडत होते. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या भागांचं नाव खराब तिथेही बरेचसे तुकडे शांतच होते. एका तुकड्यावर वर्षानुवर्षं गुन्हे घडतात आणि त्याला लागून असलेल्या तुकड्यावर जवळजवळ काहीच घडत नाही, असंही त्यात दिसलं.

दुसरी गोष्ट म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हा आकडा वस्तीच्या पातळीवर फार फसवा असतो. स्टेशन किंवा मोठा बाजार असलेल्या भागात राहणारे थोडे आणि ये-जा करणारे प्रचंड. पाकीट मारलं जातं ते जाणाऱ्या-येणाऱ्याचं, पण भागाकार होतो तो राहणाऱ्यांच्या संख्येनं. आकडा फुगतो आणि बदनामी रहिवाशांच्या वाट्याला येते. शिवाय ज्या भागात पोलीस जास्त फिरतात तिथे पकडलं जाण्याचं आणि नोंद होण्याचं प्रमाणही जास्त असतं.

आणि नीलपक्षी, ऐकीव किती याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून गुन्हे बरेच घटले. तरीही तिथल्या सर्वेक्षणांत बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक "देशात गुन्हे वाढलेत" असंच सांगतात. त्याच लोकांना त्यांच्या स्वतःच्या भागाबद्दल विचारलं, तर वाढलेत म्हणणारे कायम कमी निघतात. जिथलं रोज डोळ्यांनी दिसतं तिथली भीती आवाक्यात राहते, आणि जिथे जाणंच होत नाही तिथली भीती बातम्यांवर पोसली जाते.

निशिगंध

मी रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळी करते, आणि बदनाम समजल्या जाणाऱ्या भागातच राहते. आलेख यांची माहिती चांगली आहे, पण नीलपक्षीताई, तुमच्या घरात वयात येणारी मुलगी आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. बाईला रोज ज्याचा त्रास होतो ते कुठल्याच नोंदीत नसतं. मागून येणारी शिट्टी, मुद्दाम धक्का मारून जाणं, रोज त्याच वळणावर गाडी हळू करणारा माणूस, याची फिर्याद द्यायला कोणी जात नाही. पुरुषांपेक्षा बायका जास्त घाबरतात आणि रस्त्यावरच्या हाणामारीत बळी मात्र तरुण पुरुषच जास्त पडतात, असं अभ्यासक सांगतात. पण बायकांची भीती उगाच नसते. ज्याची तक्रारच झाली नाही ते त्या आकड्यांत येणार कुठून? तेव्हा आकडे जरूर बघा, पण तिथल्या बायकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहाटे पाळी संपवून येताना मला दोन रस्ते आहेत. एक रुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणाच्या सोसायट्या, सीसीटीव्ही, झाडं. दुसरा आमच्या वस्तीतून जाणारा, अरुंद, खड्ड्यांचा. मी दुसऱ्यानं येते. तिथे पाण्यासाठी उठलेल्या बायका असतात, कोणीतरी दात घासत दारात उभं असतं, पेपर टाकणारी मुलं असतात. मला नावानं ओळखणारी माणसं आहेत. मी ओरडले तर चार दारं उघडतील अशी माझी खात्री आहे. कुंपणाच्या रस्त्यावर मी ओरडले तर पहारेकरी आपलं फाटक सोडून येईल, याची खात्री मला नाही.

आणखी एक. कॅज्युअल्टीत मारहाण झालेल्या बायका येतात त्या सगळ्या पत्त्यांवरून येतात. मनगटावर बोटांचे वळ असतात आणि सोबत आलेला नवरा "जिन्यावरून पडली" असं तिच्या आधी उत्तर देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५,००० स्त्रियांची आणि मुलींची जाणूनबुजून हत्या झाली, आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून. कुठली वस्ती सुरक्षित हे ठरवताना बंद दारामागचं हे कोणीच मोजत नाही.

सांजवात

निशिगंध, शेवटचा परिच्छेद प्रत्येकानं वाचायला हवा.

मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेत अशा वस्तीतली मुलं बरीच येतात. मुलग्यांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा क्लासहून परत येताना वारंवार हटकला जातो. "कुठला रे तू?" त्यानं खरा पत्ता सांगितला की दप्तर तपासलं जातं. वर्गात काही हरवलं की नजरा आधी त्याच्याकडे वळतात. अशी दोन-तीन वर्षं गेली की काही मुलं मिटून जातात आणि काही मुलं तेच नाव छाती काढून मिरवायला लागतात. "आम्ही तिथलेच, आमच्या नादी लागू नका." जी टोळकी आपल्याला भीतिदायक वाटतात, त्यांत अशीही मुलं असतात. त्यांना आधी गुंड म्हटलं गेलं, ती टोळक्यात नंतर गेली. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण मी हे घडताना बघितलंय.

सरकारनंच असा शिक्का मारला तर काय होतं, त्याचं उदाहरण डेन्मार्कचं आहे. तिथे २०१० पासून दरवर्षी अशा वसाहतींची अधिकृत यादी निघते. उत्पन्न, रोजगार, शिक्षण, गुन्ह्यांतल्या शिक्षा आणि रहिवाशांचं मूळ कुठलं, यावरून ती ठरते. २०१८ च्या निर्णयांत तर ठरावीक भागांत ठरावीक गुन्ह्यांना दुप्पट शिक्षा देता यावी अशी तरतूद आली. २०२१ मध्ये यादीचं नाव बदललं, यादी मात्र तशीच निघत राहिली. गुन्हा तोच, पण तो कुठल्या रस्त्यावर घडला यावरून शिक्षा वाढणार. मला हे अन्यायाचं वाटतं.

रोखठोक

सगळ्यांचं वाचलं. पटतंय बरंच. पण माझा प्रश्न उरतोच. पायवाट यांना कुठला बोळ टाळायचा ते माहीत होतं, कारण ते तिथे जन्मले. माझ्या भावाला ते कोण सांगणार होतं? नवीन माणूस नेमका त्या ३ टक्क्यांच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. आणि घर चुकलं तर करार मोडायला आणि पुन्हा सामान हलवायला पैसे त्यालाच लागतात. संशोधकाला लागत नाहीत.

पायवाट

हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून काय करायचं ते नेमकं लिहितो.

आधी घर सोडून द्या, वाट बघा. घरापासून बसथांब्यापर्यंत, घरापासून शाळेपर्यंत, ज्या वाटेनं रोज जाणार ती वाट. ती दिवेलागणीला चाला, रात्री दहाला चाला, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चाला. बंद पडलेली इमारत, मोकळा प्लॉट, लांबलचक आंधळी भिंत, न पेटणारे खांब, दारूचं दुकान बंद व्हायची वेळ आणि नंतर माणसं कुठे उभी राहतात, हे बघा. कचरा आणि रंग उडालेल्या भिंतींवर जाऊ नका, ती गरिबी असते.

मग माणसांना विचारा, पण "ही वस्ती सुरक्षित आहे का?" असं विचारू नका. त्याला कोणीही अभिमानानं किंवा रागानं उत्तर देतो. "रात्री क्लासहून मुलीला आणायला तुम्ही कुठपर्यंत जाता?" असं विचारा. "कुठल्या बाजूनं येऊ नको असं तिला सांगता?" असं विचारा. लोक भराभरा सांगतात. माझी आई तर हात धरून दाखवून आली असती.

निशिगंध

+१. आणि हे पुरुषाला विचारू नका, एकट्या बाईला विचारा. शिवणकाम करणारी, घरकामाला जाणारी, शिकवण्या घेणारी. तिला पायाखालची प्रत्येक गल्ली माहीत असते. लेकीच्या वयाच्या तिथल्या मुलींनाही विचारा, आई बाजूला नसताना.

आलेख

पायवाट यांनी कचऱ्याबद्दल लिहिलं ते महत्त्वाचं आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी शिकागोच्या रस्त्यांचं चित्रीकरण करून पडक्या इमारती, कचरा, भिंतींवरचं लिखाण हे सगळं प्रत्यक्ष मोजलं. सोबत रहिवाशांना विचारलं, की इथे बेशिस्त किती वाटते. २००४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की लोकांचं उत्तर प्रत्यक्ष मोजणीपेक्षा तिथे कृष्णवर्णीय आणि गरीब लोक किती राहतात यावरून जास्त ठरत होतं. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या लोकांची उत्तरंही याला अपवाद नव्हती. म्हणजे आपण "वातावरण बरं वाटत नाही" म्हणतो तेव्हा कोण राहतं हे आपण आधी बघितलेलं असतं.

रोखठोक, तुमच्या प्रश्नालाही शिकागोचाच एक अभ्यास उपयोगी पडेल. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारलं होतं, की मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी हटकतील का, घरासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल का. गरिबीचा फरक हिशेबात धरूनही, जिथे "हो, पडतील" म्हणणारे जास्त तिथे हिंसा कमी होती. घर बघायला गेल्यावर हाच प्रश्न जशाचा तसा विचारता येतो.

पायवाट यांच्या बहिणीसारखा अनुभवही तपासला गेलाय. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी संशोधकांनी जुने आयफोन विकायच्या ऑनलाइन जाहिराती दिल्या. बदलत होती ती मुख्यतः विक्रेत्याची वस्ती. मागास वस्तीचं नाव असलेल्या जाहिरातींना कमी लोकांनी उत्तर दिलं.

आणि सासूबाईंनी सांगितलेल्या खुनाच्या गोष्टीबद्दल. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात मार्च १९६४ मध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी बघत राहिले आणि कोणी काही केलं नाही, अशी बातमी तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आली आणि पुढे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली. खून खरा होता. पण इतक्या लोकांनी सगळं बघितलं हे खरं नव्हतं, निदान एकानं तरी हल्लेखोरावर ओरडून त्याला पळवून लावलं होतं. २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्रानं आपली ती बातमी सदोष असल्याचं लिहिलं. तोवर अर्धं शतक त्या शेजाऱ्यांच्या कपाळी तो डाग राहिला.

नीलपक्षी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काल नवरा आणि मी रात्री तिथे जाऊन आलो. पायवाट यांनी सांगितलेले प्रश्न जसेच्या तसे विचारले. इमारतीखाली कपडे शिवणाऱ्या ताई भेटल्या. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं हवेतच नकाशा काढून दाखवला. शाळेच्या मागच्या भिंतीकडून येऊ नका, तिथे रात्री पोरं पीत बसतात. दवाखान्यासमोरून या, तो उशिरापर्यंत उघडा असतो. "मी माझ्या मुलीला त्याच रस्त्यानं आणते," असं त्यांनी दोनदा सांगितलं. शाळा बुडवणाऱ्या मुलांबद्दल विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, इथे मुलाच्या आईच्या आधी मीच कान धरते.

लेकीशी आणि सासूबाईंशी आज बोलणार आहोत. भिंतीमागच्या त्या रस्त्याचा प्रश्न मनात आहेच. शाळेचा जवळचा रस्ता तोच आहे. रोज लांबून जाणं हा काही कायमचा उपाय नाही.

रोखठोक

ताई, रात्री स्वतः जाऊन आलात हे उत्तम केलंत. भावानं खोली घेताना हे कोणीच केलं नव्हतं. तरी त्या भिंतीचं काही होईपर्यंत लेकीला एकटीला पाठवू नका, एवढं माझं ऐका.

पायवाट

त्या भिंतीचं काहीतरी होऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहतींत उजेडाचे मनोरे उभे केले आणि तशाच इतर वसाहतींशी तुलना केली. रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे निदान ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड प्लॉट निवडले आणि त्यातले काही साफ करून गवत, झाडं लावली. सर्वांत गरीब भागांत त्या जागांच्या आसपासचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. कोणाला हाकललं नाही, वस्ती पाडली नाही.

आमच्या बोळातला दिवा मी वस्ती सोडल्यावर लागला, तोही बायकांनी पाठपुरावा केला म्हणून. त्यांचं बघून सांगतो. अर्ज एकटीनं देऊ नका, त्या शिवणाऱ्या ताईंना आणि शाळेतल्या दोन-चार पालकांना बरोबर घ्या. शाळेच्या लेटरहेडवर वेगळं पत्र मागा, ते लवकर हलतं. "आमच्या भागात अंधार असतो" असं मोघम लिहू नका. कुठल्या फाटकापासून कुठल्या वळणापर्यंत दिवा नाही, किती ते किती वाजेपर्यंत मुलं तिथून जातात, ते लिहा. खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो अर्जात टाका आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.